एकाची शेपटी

स्टिकरवरचा एकाचा आकडा तांदळाच्या दाण्याएवढा होता. वर गोल भरीव डोकं, डोक्याच्या उजव्या कडेनं खाली उतरलेली रेघ, आणि ती रेघ उतरता उतरता बारीक होत जाऊन संपलेली. एकाचा आकडा तळाशी उजवीकडं वळून जिथं शेपटी टाकतो, तिथं कागद पांढरा होता. फार निरखून पाहिलं तर वळणाच्या जागी शाईचा एक कण दिसत होता, बस.

यास्मिननं तो स्टिकर उरलेल्या पट्टीवरून नखानं सोलला, बोटाच्या टोकावर चिकटवला आणि दुकानाच्या दारात उन्हाला धरला.

‘शेळ्यांच्या गोचिडाचं औषध. एका बादलीला १ टोपण.’

ती तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायची. माप वाचताना डोळा कुठं ठेवायचा, हे दरवर्षी नव्या पोरांना सांगायची. तेच तिनं आता स्वतःला सांगितलं. तुला माहीत आहे ते विसर, दिसतंय तेवढंच वाच. तिनं डोळे मिटले, उघडले आणि परक्या माणसासारखं वाचलं.

एका बादलीला नऊ टोपण.

मोबाइलवर, तिकिटावर, विजेच्या बिलावर रोज इंग्रजी आकडे पाहणाऱ्या डोळ्याला दुसरं काही दिसणं शक्यच नव्हतं. इंग्रजी नऊ असाच असतो. तिच्या आजोबांनी निजामाच्या काळच्या शाळेत जो उर्दू नऊ गिरवला होता, तोही असाच. शेपटी गेली की मराठी एकाचा नऊ होतो, आणि ही शेपटी गेलेली होती.

“तौफिक, हे कुणाचं छापलंस?”

तिचा धाकटा भाऊ फ्लेक्सच्या मशीनवर वाकला होता. कुणाच्या तरी वाढदिवसाचा हसरा चेहरा इंचाइंचानं बाहेर येत होता. त्यानं मान वळवली नाही.

“पंचाक्षरी काकांचं. स्टँडसमोरचं खत-औषधाचं दुकान न्हाय का.”

“कधी नेलं?”

“परवा. काल बाजार होता ना, त्याच्या आत पायजे म्हणले. बाटलीवर सगळं इंग्रजी, ते बी मुंगीएवढं. शेळीवाल्या बायका इचारून इचारून डोकं खातात, म्हणून मराठीत चिकटवून टाकतो म्हणले.”

“आणि अब्बांचं अक्षर कशाला वापरलंस?”

“मी कुठं वापरलं? त्यांनीच मागितलं. खाजाभाईच्या अक्षरात कर, लोकांचा इस्वास बसतो म्हणले.” आता कुठं त्यानं बहिणीकडं पाहिलं आणि हसला. “काय झालं आपा? परत लग्न का?”

लग्नाची गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती.

खाजाभाई म्हणजे या दोघांचे वडील, परंड्याचे पेंटर. त्यांच्या उस्तादांनी त्यांना आधी बोरूनं उर्दू लिहायला शिकवलं आणि मग हातात ब्रश दिला, त्यामुळं त्यांचं मराठी अक्षरही बोरूच्या वळणानं चालायचं. शिरोरेघ सरळ आडवी नसायची. डावीकडं जाड सुरू व्हायची आणि उजवीकडं चढत चढत पातळ होत जायची, वारा लागलेल्या पडद्यासारखी. काना वरून खाली निमुळता. ‘ळ’ म्हणजे शेजारी शेजारी लोंबणारे दोन थेंब. आणि अक्षर संपताना, ब्रश उचलायच्या आधी, ते मनगट हलकंच झटकायचे. त्या झटक्यात ब्रशच्या शेवटच्या एकदोन केसांनी रंगाचा एक धागा ओढला जायचा. दुकानाच्या पाटीवर तो धागा रस्त्याच्या पलीकडूनही दिसायचा. बार्शीचे, करमाळ्याचे पेंटर त्या धाग्यावरून ओळखायचे की हा खाजाभाईचा हात.

मग त्या हाताला कंप सुटला. आधी धागा गेला, नंतर ब्रशच गेला.

यास्मिननं तेव्हा गावोगाव फिरून त्यांच्या जुन्या पाट्यांचे फोटो काढले. किराणा दुकानं, दवाखाने, तालमी, पिठाच्या गिरण्या, जिथं जिथं त्यांचं काम अजून टिकून होतं तिथं. सुट्ट्यांमध्ये बसून तिनं एकेक अक्षर कॉम्प्युटरवर आखलं आणि त्याचा फॉन्ट केला. एकही वळण आपल्या मनानं बदललं नाही. जिथं रंग उडाला होता तिथं दुसऱ्या पाटीवरचं तेच अक्षर शोधून आणलं, पण स्वतःची रेघ घातली नाही. फॉन्टचं नाव ठेवलं ‘खाजा’. तौफिकनं तो दुकानात वापरला, त्याच्याकडून दुसऱ्यानं नेला, आणि वर्ष उलटायच्या आत तो पेन ड्राइव्हवरून, मोबाइलवरून जिल्हाभर झाला. वाढदिवसांचे फ्लेक्स, उरुसाची कमान, जत्रेतल्या कुस्त्यांची जाहिरात, टेंपोची पाठ, भूमकडच्या पेढ्यांचे खोके, चौकातले श्रद्धांजलीचे बोर्ड. आनंद असो की मयत, अक्षर खाजाभाईंचं. ते रोज संध्याकाळी स्टँडपर्यंत चालत जायचे, नवं काय लागलंय ते बघायचे आणि घरी येऊन बायकोला सांगायचे, “हसीना, आज दोन कमानी झाल्या माझ्या.”

आणि मग ती पत्रिका निघाली. मरून कागद, सोनेरी शाई, लग्न १ मे. पाटीवर ठसठशीत दिसणारा धागा त्या बारीक आकड्यात शाईनं पकडलाच नाही. नवरीचे करमाळ्याचे मामा नऊ तारखेला मिक्सरचा आहेर घेऊन दारात हजर झाले. मांडव उतरला होता, पोरगी सासरी जाऊन माहेरपणाला परत आली होती. मामांना जेवू घातलं आणि वर गावभर हसं झालं. त्यानंतर खाजाभाईंना कुणी चहाला बोलावलं तरी शेजारचा विचारायचा, “तोंडानं बोलावलंय का तुमच्या अक्षरात? न्हाय, कधी यायचं ते कळलं पायजे.” खाजाभाई स्वतः सगळ्यात जास्त हसायचे. “माझं अक्षर मान वर करून वाचायचं,” ते म्हणायचे. “तुमी हातात धरून वाचता, त्याला मी काय करू?”

यास्मिन हसली नव्हती. तिला त्याच दिवशी कळलं होतं की यावर दोनच उपाय आहेत. शेपटी जाड करायची, किंवा फॉन्टमधून आकडे काढूनच टाकायचे, म्हणजे कॉम्प्युटर आपोआप साधा आकडा घालेल. शेपटी जाड करायची तर अब्बांच्या हाताची जी खूण, तिच्यावरच आपला हात फिरवायचा. आकडे काढायचे तर त्यांच्या हाताचा तेवढा तुकडा पुसायचा. दुसरा उपाय बरोबर होता, हे तिला माहीत होतं. फक्त तो अब्बांना बोलून दाखवायचा होता. आधी ईद होती. मग परीक्षा आल्या. मग अब्बांचा कंप वाढला, आणि ज्या माणसाला चहाची बशी धरता येत नाही त्याला हे आत्ताच कशाला सांगा, असं झालं.

“आपा?” तौफिकनं मशीन थांबवलं होतं. “काय झालं?”

तिनं बोट पुढं केलं. “वाच.”

“एक टोपण.”

“तुला माहीत आहे म्हणून. नीट वाच.”

त्यानं बोट डोळ्यांजवळ ओढलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं, पण डोळ्यांतून गेलं.

पंचाक्षरींच्या दुकानात गिऱ्हाईक होतं. खताच्या पोत्यावर एक शेतकरी टेकला होता. यास्मिननं पंचाक्षरींना स्टिकर दाखवला तेव्हा त्यांनीही तौफिकसारखंच वाचलं.

“एक टोपण. बरोबर हाय की, बेटा. मीच सांगितलं तसं लिवायला. चुकलंय का काय?”

यास्मिननं स्टिकर त्या शेतकऱ्यापुढं धरला. “भाऊ, हे जरा वाचता का?”

त्यानं मान मागं घेतली, डोळे बारीक केले. “एका बादलीला नऊ टोपण.” आणि पंचाक्षरींकडं वळून म्हणाला, “मालक, नऊ म्हणजे शेळी धुवायची का भाजायची?”

कुणी हसलं नाही. पंचाक्षरींनी गल्ल्याच्या कडेला हात टेकला. ते जाड, गोरे, कपाळावर रोज विभूती लावणारे गृहस्थ. त्यांचा चेहरा विभूतीच्या रंगाचा झाला.

“काल किती बाटल्या गेल्या काका?”

“थोड्याच. थांब.” ते बोटांवर मोजू लागले. “एक गौरीशंकर मास्तरानं नेली. एक बिराप्पा धनगरानं. त्याची चिंता न्हाय, त्याला वाचता येत न्हाय, मी तोंडानं सांगितलं एक म्हणून. आन एक दैवशालाबाईनं. सीना नदीकडची, शेळ्या लई हायत तिच्याकडं.” त्यांनी मोबाइल उचलला. “बाकी सगळ्या मागं मांडणीत. शिवा शिवा.”

मास्तरांनी फोन लगेच उचलला. बाटली पिशवीतच होती. पंचाक्षरी कपाळावरून हात फिरवत म्हणाले, “सर, ते स्टिकर फाडा. फाडा आधी, मग बोलू.”

दैवशालाबाईंचा फोन वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला.

“सकाळी शेळ्या धुतात व्हय त्या?” तौफिकनं विचारलं.

“ऊन पडलं की,” पंचाक्षरी म्हणाले.

ऊन पडून बराच वेळ झाला होता. तौफिकनं गाडीला किक मारली. यास्मिन मागं बसली. निघताना तिनं मागं वळून पाहिलं, तर पंचाक्षरी मांडणीतल्या बाटल्यांवरचे स्टिकर दोन्ही हातांनी ओरबाडत होते.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस होता आणि उसाच्या कडेनं पाट्या. या रस्त्यानं ती कितीदा गेली होती आणि दर वेळी तिला या पाट्या बघून बरं वाटायचं. अब्बा वाटेत भेटल्यासारखं. आज तिचा डोळा अक्षरांवर ठरत नव्हता, सरळ आकड्यांवर जात होता. ‘शेणखत मिळेल. संपर्क,’ आणि पुढं फोन नंबर, त्यात दोन नऊ का दोन एक, धावत्या गाडीवरून सांगता येत नव्हतं. ‘दूध संकलन केंद्र क्र. १’. ‘पाणी खोल आहे, पोहू नये’ असं तळ्याच्या बांधावर, खाली खोली मीटरमध्ये. त्या आकड्याकडं तिनं मान वळवून, दिसेनासा होईपर्यंत पाहिलं. या पाटीवर कुणी काय वाचलं असेल? आणखी कुठं कुठं काय छापलं असेल? एखाद्या डॉक्टरनं आपल्या गोळ्यांच्या पाकिटावर छान दिसतं म्हणून हे अक्षर घेतलं असेल का? एखाद्या शाळेनं मुलांना पाजायच्या औषधाच्या सूचनेवर? फॉन्ट कुणाकुणाकडं आहे हे तिला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. तिनं घरातून एक सुंदर जनावर सोडलं होतं आणि ते आता कुठल्या अंगणात हिंडतंय याचा पत्ता नव्हता.

“आपा, काही झालं नसंल,” तौफिक वाऱ्यात ओरडला. “बायका अंदाजानंच टाकतात. स्टिकर कोण वाचतंय?”

“तू गाडी चालव.”

दैवशालाबाईंचं घर गावाबाहेर, बांधाला लागून. वास आधी आला. औषधाचा उग्र, नाकात चढणारा वास, रस्त्यापर्यंत. मग यास्मिनला जाणवलं की काहीतरी कमी आहे. शेळ्यांचं घर आणि आवाज नव्हता.

कुडाच्या आत शेळ्या उभ्या होत्या. काळ्याभोर, लांब कानांच्या, अंगावरचे केस ओले होऊन चिकटलेले. माना खाली. एकीच्या तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत लोंबत होती. एक करडू आडवं पडून पाय हलवत होतं, पळत असल्यासारखं.

दैवशालाबाई लिंबाखाली बसल्या होत्या, पदरानं तोंड पुसत. साठीच्या, काटक. दोन्ही हात कोपरापर्यंत ओले.

“या की,” त्या म्हणाल्या. जीभ जड झाली होती. “खाजाभाईची लेक न्हवं का तू? बसा. ऊन लई झालंय बघा आज, गरगरायलंय नुसतं.”

यास्मिन त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली. “मावशी, बादलीत किती टोपणं टाकली?”

“नऊ.”

यास्मिननं त्यांच्या ओल्या हातांकडं पाहिलं.

“लिवल्यात तेवढीच टाकली,” दैवशालाबाई म्हणाल्या. “मोजून. हयगय न्हाय केली.”

“जास्त नाही वाटली?”

“वाटली की. सुनंला म्हणलं बी, मागल्या खेपंला एवढं न्हवतं. पर छापलेलं खोटं कसं आसंल बाई? आन ते बी खाजाभाईच्या अक्षरात. आमच्या देवळाच्या कमानीवर तेच अक्षर हाय.” त्या उठायला गेल्या आणि पुन्हा खाली बसल्या. “माझ्या शेळ्या काऊन गप झाल्या गं?”

“तौफिक, पाणी!” यास्मिन ओरडली. आपण इतक्या मोठ्यानं कधी ओरडलो होतो, हे तिला आठवेना.

सून घरातून धावत आली. वीज गेलेली, मोटार बंद. हौदात होतं तेवढं पाणी होतं. यास्मिननं आधी दैवशालाबाईंचे हात साबणानं धुतले, मग पुन्हा धुतले, मग भिजलेलं लुगडं बदलायला लावलं. तौफिक आणि सून शेळ्यांवर पाणी ओतत होते. शेजारचा टेंपोवाला मल्हार आवाज ऐकून आला आणि त्यानंही बादली उचलली. शेळ्या पाण्याखाली हलत नव्हत्या. एरवी पाण्याचा थेंब उडाला तरी पळणारं जनावर, ते नुसतं उभं होतं. त्या उभं राहण्याचीच यास्मिनला भीती वाटली.

करडाचे पाय हलायचे थांबले.

“ते राहू दे,” दैवशालाबाई लांबूनच म्हणाल्या. त्यांनी पाहिलं होतं. “बाकीच्यांना बघा.” आणि मग त्या बाजूला कलल्या आणि ओकल्या.

मल्हारनं टेंपो लावला. बाईंना मागं, सुनेच्या मांडीवर झोपवलं. तौफिक शेळ्यांपाशी थांबला. पंचाक्षरींनी जनावरांच्या डॉक्टरला पाठवलं होतं, तो येईपर्यंत पाणी ओतत राहायचं ठरलं. यास्मिन बाटली कागदात गुंडाळून पुढं बसली. वाटेत ती दर थोड्या वेळानं मागच्या जाळीतून हाक मारत होती, “मावशी, बोलत राहा. शेळ्यांची नावं सांगा.” आतून नावं येत होती. चांदी. बुटकी. पुतळी. मग बराच वेळ काही आलं नाही. यास्मिननं जाळी धरून ठेवली. मग पुन्हा आलं, “...लंगडी.”

दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. त्यानं बाईंच्या डोळ्यांत बॅटरी मारली, नाडी धरली, नर्सला भराभर काहीतरी सांगितलं आणि यास्मिनकडं हात पुढं केला. “बाटली आणलीय का? शाब्बास. काय वापरलं, किती वापरलं ते कळलं पाहिजे.”

तिनं बाटली दिली. त्यानं आधी मराठी स्टिकर वाचला.

“नऊ टोपणं? असं कुणी लिहिलंय?”

“एक आहे तो,” यास्मिन म्हणाली.

डॉक्टरनं पुन्हा पाहिलं. तिच्याकडं पाहिलं. मग स्टिकरवर अंगठा ठेवून त्यानं खालचं बारीक इंग्रजी वाचायला सुरुवात केली आणि वाचता वाचता आत गेला.

बऱ्याच वेळानं बाहेर आला तेव्हा म्हणाला, “ठेवून घेतोय. श्वास ठीक चाललाय आत्ता. उद्यापर्यंत मी काहीच बोलणार नाही. सुनेलाही तपासतोय, तिनंही हात घातला होता.” जाता जाता थांबला. “तुम्ही नातेवाईक का?”

“नाही.”

“मग?”

आतून नर्सनं हाक मारली. डॉक्टरला वेळ नव्हता. तो गेला.

घरी पोहोचली तेव्हा दुपार कलली होती. हसीनाबी दारातच होत्या. “तौफिकचा फोन आला होता,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “त्या बाईच्या दोन शेळ्या गेल्या. बाकीच्या सावरायल्यात म्हणे. तुझ्या अब्बांना कळलंय. जेवले न्हाईत. मागं जाऊन बसलेत, कुणाला जवळ येऊ देत न्हाईत. तू जा.”

मागच्या अंगणात खाजाभाई पाटावर बसले होते. समोर जुना पत्रा भिंतीला टेकवलेला, बाजूला काळ्या रंगाचा डबा. कित्येक महिन्यांत न उघडलेला डबा त्यांनी कसा उघडला कोण जाणे. पायजम्यावर, पाटावर, फरशीवर रंग सांडला होता. उजव्या हातात ब्रश होता, आणि उजवं मनगट डाव्या हातानं घट्ट धरलेलं. पत्र्यावर एकच आकडा होता, पुन्हा पुन्हा काढलेला. एक.

“ती जगंल का?” त्यांनी मागं न बघता विचारलं.

“माहीत नाही, अब्बा. डॉक्टर उद्यापर्यंत काही बोलत नाही.”

“पोटाला कोण कोण हाय तिच्या?”

“मुलगा पुण्याला असतो. सून आहे जवळ. तिलाही दवाखान्यात ठेवलंय.”

त्यांनी मान हलवली. ब्रश डब्यात बुडवला, काठाला निपटला. ती सवय हाताला अजून होती. “तौफिक म्हणला, शेपटी छपाईत येतच न्हाय. लई बारीक हाय म्हणून. हौ, बारीकच हाय. ती रस्त्यावरून बघायची हाय. मी काय बाटलीसाठी काढली होती का?” आवाज चढला आणि तिथंच तुटला. “पण ते सांगून काय उपेग? ती बाई काय मान वर करून बाटली वाचणार होती? म्हणून म्हणलं, जाड करून देतो. एकदा नीट काढून देतो, तू त्याचा फोटो काढ आन तुझ्या त्या कॉम्प्युटरात घाल. दुसऱ्या कुणाचा हात नक्को. माझा एक हाय, मीच सुधारतो.”

“अब्बा...”

“थांब. बोलू नक्को. बघ.”

त्यांनी श्वास रोखला. डोकं जमलं, गोल, जाड. तेवढं अजून जमत होतं, कारण त्याला जोर लावता येत होता. रेघ खाली उतरली, थोडी वाकडी. मग शेपटीची जागा आली. तिथं जोर चालत नाही, तिथं हात सोडावा लागतो. त्यांनी डाव्या हातानं धरलेलं मनगट सोडलं.

ब्रश पत्र्यावर थडथडला. रेघ उजवीकडं गेली, वर उडाली, पुन्हा खाली आली आणि लांब ओघळ सोडून थांबली.

 पलीकडच्या घरात कुणीतरी टीव्ही लावला होता.

“हा तर दोन झाला,” खाजाभाई म्हणाले.

त्यांनी चिंधी घेतली, पुसायला गेले, रंग पसरला. पुन्हा ब्रश बुडवला. हात आता सगळाच कापत होता, खांद्यापासून, आणि ब्रशवरून काळे थेंब पत्र्यावर पडत होते, जिथं पडतील तिथं. “परत काढतो,” ते म्हणत होते. “एकदा येईल. मघाशी एकदा आला होता बरा. तू उभी राहू नक्को, बस. मला जमतंय. आधी शेपटी, मग नऊला बी बघू, मग सहाला. सगळे आकडे सुधारून देतो तुला. उद्या त्या बाईचं काही बरंवाईट झालं तर लोक म्हणायला नक्को की खाजाच्या हातानं...”

यास्मिननं त्यांच्या हातावर हात ठेवला. त्या हाताचा कंप तिच्या हातात आला, तिच्या कोपरापर्यंत चढला. तिनं ब्रश त्यांच्या बोटांतून सोडवला नाही, नुसता हात ठेवून थांबली. खाजाभाईंनी पहिल्यांदाच मान वळवून तिच्याकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, पण त्यांचे डोळे घाबरले; आता ही काय बोलणार हे कळलेल्या माणसासारखे.

“नक्को,” ते पुटपुटले.

“अब्बा, आकडे मी काढून टाकणार आहे,” यास्मिन म्हणाली. “सगळे. तुमच्या अक्षरात यापुढं एकही आकडा राहणार नाही.”